राईच्या बदल्यात रस्ता

माझं माहेर म्हसवडच्या बाजूचं. तिकडं झाड म्हणजे बाभूळ, आणि तिच्या सावलीत बसलं तरी ऊन लागायचं थांबत नाही. वडील शाळामास्तर, त्यामुळं मला लिहिता-वाचता येत होतं. महायुद्ध चालू असताना पलटणीतल्या मुलाचं स्थळ आलं आणि पाटणच्याही पलीकडं, डोंगरातल्या एका वाडीत मी सून म्हणून गेले.

घरामागं चढण होती आणि चढणीवर देवीची राई. ऐन, जांभूळ, बेहडा, हिरडा. काही खोडं अशी, की चौघांनी हात धरले तरी कवेत येऊ नयेत. एका झाडावरून दुसऱ्यावर मांडीएवढ्या जाड वेली गेलेल्या. भर दुपारीही आत संध्याकाळ असायची. तिथं कुणी कुऱ्हाड नेत नसे, पडलेली काटकीसुद्धा चुलीला आणत नसत. मला त्या काळोखाची भीती वाटायची. पहिले काही महिने मी भांडी घासायला बसायची ती तिकडं पाठ करून.

आमचे हे पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. लग्नानंतर अकराव्या दिवशी रजा संपली. जाताना एवढंच म्हणाले, की तुला वाचता येतं हे बरं झालं, पत्र टाकत जाईन. घरात राहिलो तिघं. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, सासरे, म्हणजे मामंजी, आणि मी.

पत्रं येत. कुठून लिहितोय ते लिहायची त्यांना बंदी, म्हणून तब्येतीचं, हवेचं आणि 'काळजी करू नये' एवढंच असे. पण पावसाळा लागला आणि तेही थांबलं. वाडी आणि पाटणची वाट यांच्यामध्ये एक ओढा होता. ज्येष्ठापासून नवरात्रापर्यंत त्याला उतार नसायचा. टपालवाला पलीकडच्या गावातल्या दुकानात पत्रं ठेवून जायचा आणि ती तिथंच पडून राहायची. मी रोज काहीतरी निमित्त काढून ओढ्याला जायची, पाण्याकडं बघायची आणि परत यायची. घरात बसवत नसे. दळण अर्धं टाकून उठायची, पुन्हा बसायची. आश्विनात ओढा ओसरला तेव्हा तीन पत्रं एकदम हातात आली. सगळ्यात ताजं दीड महिन्याचं जुनं होतं. वाचताना मला कळेना, हे लिहिणारा माणूस आज आहे की नाही.

माझी एक नणंद होती. मी तिला पाहिलं नाही. माझ्या लग्नाआधी दोन वर्षं, बाळंतपणाला आलेली असताना ती अडली. डोलीत घालून तिला ओढ्यापर्यंत नेलं आणि ओढा उतरू देईना. अलीकडच्या काठावरच ती गेली. हे मला शेजारणीनं सांगितलं. घरात तिचा विषय निघत नसे. फक्त श्रावणात ओढ्याचा आवाज वाढला की मामंजी घोंगडं घेऊन गोठ्यात निजायला जायचे. तिथं गुरांच्या आवाजात ओढा ऐकू येत नव्हता.

त्या हिवाळ्यात कोळशाचा ठेकेदार आला. युद्धामुळं पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या धुरावर चालवायला लागले होते, आणि कोळशाला मरणाची मागणी होती. त्यानं आधी गावाखालची मालकीची रानं घेतली. भट्ट्या लागल्या. गावातली तरणी माणसं पलटणीत गेलेली, म्हणून कोळसा ओढ्यापलीकडं गाडीवाटेपर्यंत डोक्यावरून न्यायला बायका लागल्या. मीही गेले. आत्याबाईंना ते आवडलं नव्हतं, पण त्यांनी अडवलं नाही. मला ते काम बरं वाटलं हे खरं. चालायला मिळत होतं, दमायला मिळत होतं, रात्री झोप लागत होती. खालचं रान दर आठवड्याला मागं सरकत होतं ते मी बघत होते, पण त्याचं मला काही वाटत नव्हतं. उलट उघड्या उतारावरून लांबवर दिसायला लागलं, ते मला माहेरासारखं वाटलं.

रान संपत आलं तसा ठेकेदार मामंजींना भेटायला आला. मामंजींचा शब्द गावात चालायचा. तो म्हणाला, राई द्या. सरकारी परवानगीचं मी बघतो. बदल्यात लॉरी येईल असा रस्ता वाडीपर्यंत काढून देतो आणि ओढ्यावर पूल बांधतो. मी आतून ऐकत होते. मामंजींनी विचारलं, पूल पावसाळ्याच्या आधी होईल का. ठेकेदार म्हणाला, लॉरीशिवाय लाकूड नेणार कसा, आधी पूलच होईल. मामंजींनी शब्द दिला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. पूल झाला असता तर टपालवाला भर पावसात दारात आला असता. त्या रात्री मी राईकडं तोंड करून उभी राहिले आणि ती जाणार म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. आत्याबाई जेवल्या नाहीत. पोट ठीक नाही म्हणाल्या.

फाल्गुनात मी माहेरी निघाले. पाटणहून कराड, तिथं गाडी बदलून वडूजवरून म्हसवड. ती कोळशाची गाडी मी पहिल्यांदाच आतून बघितली. मागं उभा लोखंडी बंब, त्यात कोळसा ओतायचा. क्लीनर हातानं पंखा फिरवायचा, धूर धरला की गाडी निघायची. वडूजच्या अलीकडं चढ आला तशी ती धापा टाकून थांबली. सगळे उतरलो. क्लीनर टपावर चढला आणि त्यानं एक पोतं खाली टाकलं. पोत्यावर डांबरानं काढलेली खूण मी ओळखली. आमच्याच भट्टीचं पोतं. असं एक पोतं मी डोक्यावरून ओढ्यापार नेलं की माझा अर्धा दिवस जायचा आणि मान संध्याकाळपर्यंत वळत नसे. ते त्यानं बंबात रिकामं केलं. दहिवडी यायच्या आत दुसरं उघडलं. मी खिडकीशी बसले होते, पण मला बाहेरचं काही दिसेना. मी झाडं मोजत होते. खालच्या रानातलं कुठलं झाड ह्या चढाला गेलं आणि कुठलं पुढच्या, हेच डोक्यात फिरत राहिलं.

माहेरी आई नदीच्या पात्रात होती. माणगंगा कोरडी, वाळूत कमरेइतका खड्डा खणलेला, तळाशी पाणी पाझरून साचेल तसं ती वाटीनं हंड्यात भरत होती. लहानपणापासून मीही तेच केलं होतं, त्यात नवल काही नव्हतं. मी तिच्या हातातली वाटी घेतली आणि खाली उतरले. वाटी भरायला जो वेळ लागायचा तो मला सोसवेना. वर्षभरातच सवय मोडली होती. सासरी राईच्या पायथ्याला झरा होता, तिथून पन्हळीनं पाणी दारातल्या दगडी डोणीत पडायचं, वैशाखातही. आईनं विचारलं, "तुज्या सासरी पानी कुठनं आनत्यात?" मी म्हणाले, आणत नाहीत, ते दाराशी येतं. तिला ती थट्टा वाटली.

आठ दिवस राहायचं म्हणून गेले होते, पाचव्या दिवशी निघाले. कुणाला काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. नुसती घाई झाली होती.

वाडीत आले तर दुसऱ्या दिवशी देवीला कौल लावायचा होता. ठेकेदाराची लाकूडतोडी माणसं कौल झाल्याशिवाय राईत कुऱ्हाड उचलायला तयार नव्हती. सकाळी सगळी वाडी जमली. पुरुष पुढं, आम्ही बायका मागं, ठेकेदार एका बाजूला चपला काढून उभा. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की राई द्यायची असेल तर उजवी कळी दे, नसेल तर डावी दे.

कळी पडेना. ऊन वर आलं. म्हातारी माणसं बसली. दोन्ही कळ्या सुकत चालल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. शेवटी ठेकेदार हळूच म्हणाला, की देवीनं नाही तर म्हटलेलं नाही. गुरव मामंजींच्या तोंडाकडं बघायला लागला.

तेव्हा आत्याबाई उठल्या. चार माणसांत त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"देवीला मधी कशाला घालताय?" त्या म्हणाल्या. "मागनारं ते, देनारं आपून. द्यायची आसंल तर ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं म्हना."

मामंजींनी त्यांना खाली बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "माजी लेक त्या वड्यावर गेली. पूल मला नगं आसंल व्हय? पर ह्या पोरीला इचारा. झाडं नसल्याला मुलूख आपल्यात हिनंच बघितलाय."

सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. पदर सारखा करत मी उभी राहिले. कसं बोलले ते आता सांगता येणार नाही. वाळूतल्या खड्ड्याचं सांगितलं, वाटीचं सांगितलं. मोटारीत दोन पोती कशी गेली ते सांगितलं. राई किती दिवस पुरेल, असं मी ठेकेदाराला विचारलं, तर तो म्हणाला एक हंगाम. मी म्हणाले, "मग पुढच्या हंगामात लॉरी कशाला येईल हितं? रस्ता मलाबी पायजे. माज्याएवढा कुनालाच नसंल. पर झरा आटला तर मी पुन्ना वाटी घिऊन बसनार न्हाई." एवढं बोलून मी खाली बसले.

मग एक म्हातारा म्हणाला, नगं. त्याच्यामागून दुसरा. दोघांनी स्पष्ट सांगितलं, द्या, पूल होऊ द्या. त्यातल्या एकाची सून गरोदर होती आणि तो ओरडून नाही, विनवणी करून बोलत होता. बाकीचे नगं म्हणाले किंवा खाली बघत राहिले. मामंजी उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेला फेटा बांधला. ठेकेदाराकडं जायला निघाले तेव्हा शेजारचा माणूस सोबत येतो म्हणाला. मामंजी म्हणाले, "शब्द म्या एकल्यानं दिला. मोडायलाबी एकलाच जातो." संध्याकाळी परत आले, पाय धुतले, आणि पुढं किती तरी दिवस ते माझ्याशी आणि आत्याबाईंशी कामापुरतंच बोलले. ठेकेदारानं डोंगराच्या पलीकडच्या गावाशी सौदा केला. त्या गावाचं रान गेलं आणि त्यांच्या ओढ्यावर पावसाळ्याच्या आधी खरोखरच पूल झाला. ही बातमी आमच्याकडं कुणी मुद्दाम आणून सांगितली.

तो पावसाळा मी विसरू शकत नाही. त्या सुनेचं बाळंतपण घरातच, नीट झालं. ते कळलं तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर जेवले. पण भाद्रपदात मामंजींना ताप भरला आणि छातीत कफ धरला. डॉक्टर पाटणला. ओढा दोन्ही काठ ओलांडून वाहत होता. दोन माणसं दोर घेऊन उतरायला गेली आणि कशीबशी परत आली. मी दिवसातून चार वेळा ओढ्यावर जायची. पाणी बोटभर उतरलं असं वाटायचं, तासाभरात पुन्हा चढलेलं असायचं. आत्याबाई मामंजींची छाती शेकत बसलेल्या. आम्ही दोघी एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हतो. मामंजी रोज मला एकच विचारायचे, "पत्र आलं का?" ओढ्याला पाणी आहे हे त्यांना माहीत होतं, तरी विचारायचे. मी न्हाई म्हणायची. नवव्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतर ओढा ओसरला आणि दोन पत्रं आली. दोन्हींत वडिलांची तब्येत कशी आहे असं विचारलेलं होतं. ते उत्तर मला लिहायचं होतं. चार दिवस मी कागद समोर घेऊन बसले. शेवटी लिहिलं, पण ओढ्याचं आणि राईचं काही लिहिलं नाही. ताप आला आणि गेले, एवढंच लिहिलं.

वाडीत माणसं तोंडावर काही बोलली नाहीत. पण पाणवठ्यावर मी गेले की बोलणं थांबायचं. आत्याबाईंनी मला कधी दोष दिला नाही, स्वतःलाही दिला नाही. फक्त त्या राईत जायच्या, तासन्‌तास. एकदा मी त्यांना शोधायला आत गेले. त्या एका झाडाच्या मुळीवर बसल्या होत्या. मी विचारलं, चुकलं का आपलं? त्या म्हणाल्या, "ठावं न्हाई. चुकलं आसंल तरी पुन्ना तसंच बोलले आसते." मग म्हणाल्या, घरी चल, गुरं यायची वेळ झाली.

युद्ध संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी हे आले. वाळलेले, काळे पडलेले. रात्री मी सगळं सांगितलं, जे पत्रात लिहिलं नव्हतं तेही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, की ब्रह्मदेशात त्यांच्या तुकडीनं असंच मोठं जंगल तोडून चिखलात आडवं घातलं, वरून लॉऱ्या जाव्यात म्हणून. आठ दिवसांनी ती वाट सोडून पलटण पुढं गेली. "लय मोटी झाडं हुती," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दुसऱ्या दिवसापासून ते ओढ्यावर जायला लागले. मी जायची तसेच, पण त्यांच्या हातात दोरी असायची. अरुंद जागा शोधली, दोन्ही काठांचे खडक पाहिले. मग आत्याबाईंना म्हणाले, की माणूस आणि डोली जाईल एवढा साकव बांधता येईल, दगडाचं काम गाव करील, पण दोन लांब, सरळ तुळया लागतील. एवढं लांब लाकूड खालच्या रानात आता नव्हतं. ते कुठं होतं हे त्यांनी तोंडानं सांगितलं नाही.

आत्याबाई तीन दिवस सकाळ-संध्याकाळ राईत जाऊन येत होत्या. मी त्या तीन दिवसांत कुठलंच काम धड केलं नाही. दूध उतू गेलं, भाकऱ्या करपल्या. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, चला. आम्हा दोघांना त्यांनी राईत नेलं. एका कडेला, जिथं आजूबाजूला ऐनाची कोवळी झाडं वर येत होती, तिथल्या एका सरळ ऐनावर त्यांनी हात ठेवला. "ह्ये," त्या म्हणाल्या. "एकच. उबं चिरून दोन तुळया करा. आन गावाला इचारूनच." गावानं होकार दिला, या वेळी कौल न लावता.

कराडहून दोघे मुसलमान भाऊ लांब करवत घेऊन आले. थोरल्यानं आधी विचारलं, कुणाची हरकत नाही ना. मग त्यानं झाडाभोवती एक फेरी मारली आणि कुठं पाडायचं ते ठरवलं, लहान झाडं मोडू नयेत म्हणून. झाड पडलं तेव्हा आत्याबाई तिथं उभ्या होत्या. मी उभी राहू शकले नाही. घरी येऊन नुसती आतबाहेर करत राहिले. साकव ज्येष्ठ लागायच्या आत झाला.

त्याच वर्षी एक जण आला, म्हणाला नव्या घराला आढं पाहिजे, एक झाड द्या. आत्याबाईंनी नाही म्हटलं. तो म्हणाला, "तुमच्या पुलाला हाय, आन माज्या घराला न्हाई?" पूल सगळ्यांचा आहे असं त्यांनी सांगितलं. त्याला ते पटलं नाही. मलाही पुरतं पटलं होतं असं नाही. त्यानंतर आणखी लोक आले, आणि दर वेळी कुणीतरी दुखावून गेलं. मी कितीदा विचार केला, ते एक दिलं नसतं तर बरं झालं असतं का. पण मग मामंजींचा शेवटचा आठवडा आठवायचा आणि विचार तिथंच अडायचा.

श्रावणात, ओढा भरून वाहत असताना, टपालवाला दारात आला. वडिलांचं पत्र होतं. पाऊस नाही, आई आजारी आहे, जमल्यास ये. मी त्याच दुपारी निघाले. साकवावर पाणी उडत होतं आणि तुळया पायाखाली थरथरत होत्या. हे मागून येत होते, पुढं बघ, खाली बघू नको, असं सांगत. म्हसवडला पोचायला दोन दिवस लागले. आई उठून बसत होती, पण तिच्यात ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी हंडा आणि वाटी घेतली आणि नदीच्या पात्रात उतरले.